पुरूचे देणे

म्हातारपणाचे भय प्रत्येक पिढीला असते; पण त्या भयाचा चेहरा मात्र पिढीगणिक बदलत असावा. माझ्या आजीच्या वयाच्या बायका देवापुढे हात जोडत तेव्हा त्यांचे मागणे हातापायांचे असे. "हिंडतीफिरती हाय तवर ने रे बाबा," एवढेच त्या म्हणत. अंथरुणाला खिळणे त्यांना मरणापेक्षा वाईट वाटे. डोक्याची काळजी त्यांनी कधी केली नाही. म्हातारपणी माणसाने थोडे विसरायचे, तेच तेच बोलायचे, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारायची, हे केस पिकण्यासारखे गृहीतच धरलेले होते. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून लोक हसत आणि म्हाताऱ्याच्या ताटात भाकरी वाढत.

आता सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणारी सत्तरीतली मंडळी बाकावर टेकली की काय बोलतात ते ऐकावे. गुडघे बदलता येतात, मोतीबिंदू अर्ध्या तासात निघतो, हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवून माणूस दोनचार दिवसांत घरी येतो. त्या सगळ्याची धास्ती आता ओसरली आहे. राहिली आहे ती एकच. "बाकी काहीही होऊ दे, पण डोकं शाबूत असावं." बोलता बोलता एखाद्याला ओळखीच्या माणसाचे नाव आठवेनासे झाले, की बाकावर क्षणभर शांतता पसरते. पूर्वी अशा वेळी लोक हसत असत.

हे भय आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी शिरले. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो, ते करवीर तालुक्यातले नावाजलेले गुळव्या. गुऱ्हाळावर सगळ्यांत मोठा मान गुळव्याचा. चुलवाणात जाळ घालणारा, घाण्याला ऊस लावणारा, काहिलीतली मळी काढणारा, या साऱ्यांच्या कामावर शेवटचा शब्द त्याचा. रस आटत आटत काकवीच्या पुढे गेला, की काहील नेमकी कोणत्या क्षणी उतरायची हे तो ठरवतो. क्षणभर आधी उतरली तर गूळ धरत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. आप्पांनी हे काम पन्नास वर्षे केले, पण उष्णता मोजायचे यंत्र कधी हातात धरले नाही. पाकाच्या बुडबुड्यांचा आवाज, त्याचा वास आणि पाण्यात सोडलेल्या थेंबाची बोटांना लागणारी गोळी, एवढ्यावर त्यांचा सारा हिशेब असे.

तेच आप्पा एकदा बाजारात गेले आणि घराची वाट विसरले. मग उसाचे बिल आले का, हे दिवसातून दहा वेळा विचारू लागले. मग एका संध्याकाळी त्यांनी काकीला विचारले, "तुमी कुणाच्या घरच्या?" पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी तिला कधी 'तुमी' म्हटले नव्हते. काकीने ते हसण्यावारी नेले. पण त्या रात्री ती जेवली नाही. डॉक्टरांनी रक्त तपासले, डोक्याचे फोटो काढले आणि अल्झायमर हे नाव सांगितले. गोळ्या दिल्या. "यांनी काही दिवस बरं वाटेल, गेलेलं मात्र परत येणार नाही," असेही स्पष्ट सांगितले.

गेल्या उन्हाळ्यात माझा धाकटा चुलतभाऊ एक गुळगुळीत रंगीत पत्रक घेऊन आला. एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्याचे ते पत्रक होते. स्टेम सेलच्या उपचारांनी मेंदू पुन्हा तरुण होतो, विसराळूपणा थांबतो, एवढेच नव्हे तर ज्यांना अजून काही झालेले नाही त्यांनीही संरक्षण म्हणून हे इंजेक्शन घ्यावे, असे त्यात लिहिले होते. तीन इंजेक्शनांचे मिळून साडेसहा लाख रुपये.

"दादा, तू शाळामास्तर. वाचून सांग बघू, करायचं का नको," तो म्हणाला. "पोरीच्या नर्सिंगसाठी ठेवलेलं चार लाख हाईत. ऱ्हायलेलं सोसायटीतनं काढतो."

"पोरीला विचारलंस का?"

"विचारलं की. तीच म्हणती, घ्या. आप्पांनी मला खांद्यावर बसवून जोतिबाला न्हेलंय, म्हणती."

तिचे ते 'घ्या' ऐकले आणि मला ययाती आठवला. कोल्हापूरच्या माणसाला ययाती आठवायला महाभारतापर्यंत जावे लागत नाही. वि. स. खांडेकर याच गावात राहिले. त्यांची 'ययाती' १९५९ साली प्रसिद्ध झाली, आणि मराठीला पहिले ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले ते त्यांच्यामुळे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला राजा आपल्या मुलांपुढे हात पसरतो. चार मुले नाही म्हणतात. पाचवा पुरू आपले तारुण्य देतो आणि बापाचे म्हातारपण घेतो. ही गोष्ट वाचताना आपण ययातीच्या हावेला नावे ठेवतो आणि पुरूच्या त्यागापुढे मान लववतो. आमच्या घरात मात्र ययातीने काही मागितलेच नव्हते. आपल्याला काय झाले आहे हे त्याला ठाऊकही नव्हते. आणि पुरू तर देऊन मोकळा झाला होता. तेव्हा पुरूने द्यावे की न द्यावे, हा प्रश्न नव्हताच. प्रश्न एवढाच होता, की पुरू देईल ते ययातीला पोचेल काय?

तो प्रश्न मनात घेऊन मी वाचायला बसलो. विज्ञान माझा विषय नव्हे. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याने पुष्कळ मदत केली. मला समजले ते मी इथे माझ्या शब्दांत मांडतो आहे.

पहिली गोष्ट अशी ध्यानात आली, की हा बाजार जुना आहे. आपल्याकडे च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी तरुण केल्याची कथा आहे. १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी तपसीबाबा नावाच्या साधूकडून कायाकल्प करून घेतला होता; वृत्तपत्रांतून त्याची केवढी तरी चर्चा झाली. पंडितजी त्यानंतर आठ वर्षे जगले, पण तरुण झाले नाहीत. त्याच्याही आधी, १९२०च्या सुमारास, पॅरिसचा व्होरोनॉफ नावाचा शस्त्रवैद्य माकडाच्या ग्रंथींचे तुकडे श्रीमंत म्हाताऱ्यांच्या अंगात बसवत असे, आणि त्याच्या दारात रांग लागत असे. त्या त्या काळात जे शास्त्र नवे आणि झगमगते असेल, त्याचा अंगरखा हा बाजार चढवतो.

परंतु एवढ्यावरून स्टेम सेल हे थोतांड आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्टेम सेलला मराठीत मूलपेशी म्हणतात. शरीरातल्या बहुतेक पेशींचे काम ठरून गेलेले असते. मूलपेशीचे ठरलेले नसते. ती स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करते, आणि वेळ पडली तर दुसऱ्या जातीच्या पेशीत तिचे रूपांतरही होते. हाडांच्या आत जो मगज असतो त्यातल्या अशा पेशी जन्मभर आपले रक्त तयार करीत असतात. कॅनडातल्या टिल आणि मॅक्युलॉक या दोघांनी १९६१ साली हे दाखवून दिले. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली भारतातले पहिले अस्थिमज्जा-रोपण झाले. रक्ताच्या कर्करोगातून जे लोक अशा रोपणाने वाचले, त्यांचे आयुष्य खरोखर दुसऱ्याने दिलेल्या पेशींवर चालले आहे. भावाने बहिणीला दिले आणि ते बहिणीला पोचले. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. आमच्या कसबा बावड्यात डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठातही या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. तेव्हा शास्त्र खरे आहे. पण रक्ताचे जे खरे, ते मेंदूचेही खरे मानावे काय?

रक्तातल्या पेशीला स्वतःची अशी आठवण ठेवावी लागत नाही. तांबडी पेशी चार महिने प्राणवायू वाहते आणि मरते. तिच्या जागी नवी आली तर शरीराला फरक कळत नाही. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि तिथला कारभार निराळा आहे. प्रौढ माणसाच्या मेंदूत नवी पेशी जन्मतच नाही, असे स्पेनच्या काहाल या थोर शास्त्रज्ञापासून सगळे मानीत आले. १९६२ साली अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन यांना मोठ्या झालेल्या उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी जन्मताना दिसल्या. पण पुष्कळ वर्षे त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

माणसाच्या बाबतीत याचा छडा लावायला जी वस्तू उपयोगी पडली ती म्हणजे अणुबाँब! १९६३पर्यंत बड्या राष्ट्रांनी उघड्या हवेत जे अणुस्फोट केले, त्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला. तो पिकांत उतरला, पिकांतून माणसांत आला, आणि ज्या साली जी पेशी जन्मली त्या सालचा ठसा तिच्यावर उमटून राहिला. हा ठसा वाचून स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली सांगितले, की मेंदूत हिप्पोकँपस नावाचा जो भाग नव्या आठवणी साठवायला घेतो, तिथे दर बाजूला रोज सुमारे सातशे पेशी नव्या जन्मतात. यावर वाद झाले, अजूनही होतात. पण मेंदूच्या वरच्या सालीतल्या, म्हणजे जिथे आपले बोलणे, विचार आणि जुन्या ओळखी नांदतात तिथल्या चेतापेशी मात्र जन्मापासूनच्याच असतात, असे त्याच पद्धतीने दिसून आले आहे. आप्पांचा जन्म १९४८ सालचा. त्यांच्या डोक्यातल्या त्या पेशीही १९४८ सालच्याच. ज्या पेशींनी काकीला बोहल्यावर पाहिले, त्याच पेशी आता तिला 'तुमी कुणाच्या' म्हणून विचारीत होत्या.

आठवण ही एखाद्या पेशीच्या पोटात दाणा ठेवावा तशी ठेवलेली नसते. एक पेशी हजारो पेशींना धाग्यांनी जोडलेली असते, आणि जे पुन्हा पुन्हा घडते त्याचे धागे घट्ट होतात. या विणीलाच आठवण म्हणायचे. हे मी वाचले होते. ते खरे पटले ते गेल्या हंगामात. चुलतभावाने आप्पांना गुऱ्हाळावर आणून बसवले होते. ते कोणाशी बोलत नव्हते. काहिलीतला पाक फुगू लागला, नवा गुळव्या थेंब पाण्यात सोडून बघत होता, तोच आप्पा एकदम उठून म्हणाले, "उतरा." गड्यांनी काहील उतरली. ढेप धरली ती पिवळीधमक, कणीदार. सगळ्यांचे चेहरे फुलले. आप्पा परत बाजेवर बसले आणि मला म्हणाले, "पावनं, ह्ये गुऱ्हाळ कुणाचं?"

हातांनी आणि नाकाने शिकलेल्या कसबाची वीण मेंदूच्या दुसऱ्या भागात असते, आणि हा आजार तिथे उशिरा पोचतो, असे डॉक्टर सांगतात. तरी मला राहून राहून वाटते ते असे. समजा, उद्या खरोखरच नव्या पेशी आप्पांच्या मेंदूत नेऊन रुजवता आल्या. त्या पेशी काकीला कशा ओळखतील? त्यांना पाकाचा वास कुठून ठाऊक असणार? आमच्या कोल्हापुरात तालमीतल्या वस्तादाला जर कोणी सांगितले की, हौद्यात न उतरता दुसऱ्याचा दंड कापून बसवा म्हणजे डाव येतील, तर वस्ताद हसेल. डाव दंडात नसतो, वर्षानुवर्षांच्या मेहनतीत असतो. नवी पेशी ही कोरी पाटी आहे. पाटी नवी मिळेल; तिच्यावरचा मजकूर मिळणार नाही.

अर्थात शास्त्रज्ञांना हे माझ्यापेक्षा जास्त कळते. म्हणून ते आधी कंपवाताच्या मागे लागले आहेत. त्या रोगात मेंदूच्या एका ठरावीक जागेतल्या एका ठरावीक जातीच्या पेशी मरतात; त्यांचे काम एक रसायन पुरवण्याचे. जपानचे यामानाका यांनी २००६ साली साध्या पेशीला मागे नेऊन मूलपेशीसारखे करण्याची युक्ती शोधली आणि २०१२ साली त्यांना नोबेल मिळाले. त्या युक्तीने केलेल्या पेशी क्योटोत सात कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत सोडल्या. अमेरिका-कॅनडात दुसऱ्या प्रकारच्या मूलपेशींपासून केलेल्या पेशी बारा जणांना दिल्या. २०२५ साली दोन्हींचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेशी जगल्या, मोठा अपाय झाला नाही, काहींना थोडा गुणही दिसला. अल्झायमरसाठी तरुण, निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी अमेरिकेत ४९ जणांच्या चाचणीत वापरून पाहिल्या. त्याचेही निष्कर्ष त्याच वर्षी आले. तिथे पेशींनी नवा मेंदू विणावा अशी अपेक्षाच नाही. त्यांतून पाझरणाऱ्या द्रव्यांनी मेंदूतला दाह कमी व्हावा एवढीच आशा आहे. सुरक्षितता दिसली, आशेला जागा दिसली. पण सिद्ध झाले असे म्हणायला त्या ४९ माणसांचा आधार तोकडा आहे. सात, बारा, एकोणपन्नास. खरे शास्त्र असे एकेक पाऊल मोजून चालते. पत्रकातले शास्त्र मात्र एका उडीत डोंगर ओलांडते. शिरेतून टोचलेल्या अशा पेशींपैकी बहुतेक फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून राहतात, हे त्या पत्रकात कुठेच नव्हते.

ययातीची कथा तर प्रयोगशाळेत शब्दशः घडून गेली आहे. एक म्हातारा आणि एक तरुण उंदीर यांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडून देतात. म्हाताऱ्याला थोडी तरतरी येते. आणि तरुणाला? २०११ साली कॅलिफोर्नियात दिसून आले, की म्हातारे रक्त मिळालेल्या तरुण उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी कमी जन्मतात आणि ते शिकायला मंद होतात. पुरू खरोखरच म्हातारा झाला! या उंदरांच्या जोरावर अमेरिकेत तरुणांच्या रक्तातला द्रव विकणारी दुकाने निघाली. शेवटी २०१९ साली तिथल्या सरकारी औषध-प्रशासनाला लोकांना सावध करावे लागले.

फायदा झाला नाही तर निदान तोटा तरी काय, असे चुलतभावाने मला विचारले. तोटा होतो. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये तीन वयस्क बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या; पैसे घेऊन टोचल्या. तिघींची दृष्टी गेली, हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. मेंदूच्या एका दुर्धर रोगासाठी एका इस्रायली मुलाला मॉस्कोत नेऊन गर्भातल्या चेतापेशी दिल्या होत्या. चार वर्षांनी त्याच्या मेंदूत गाठ सापडली आणि तपासात ती दात्याच्या पेशींपासून झालेली निघाली. वाढणे हा मूलपेशीचा गुण आहे. कुठे थांबावे हे तिला दर वेळी कळेलच असे नाही.

आपल्या देशातला नियमही मी त्याला वाचून दाखवला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली घालून दिलेल्या तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या आजारांतले रोपण सोडले, तर मूलपेशींचा असा वापर मान्यता मिळालेल्या प्रयोगांतच करायचा. त्याची जाहिरात करायची नाही, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. स्वमग्न मुलांच्या आईबापांना अशीच इंजेक्शने विकली जात होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ साली त्यालाही नकार दिला.

"मग आपण त्यांनाच विचारूया," असे म्हणून चुलतभावाने माझ्यासमोर त्या दवाखान्याला फोन लावला. मी त्याला दोनच प्रश्न लिहून दिले होते. हा प्रयोग असेल तर पैसे कशाचे? आणि उपचार असेल तर पुरावा कुठे? पलीकडची बाई फार गोड बोलत होती. तिने दोन्ही प्रश्न ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, वडिलांवर प्रेम असेल तर असा विचार करू नये."

या वाक्याने माझ्या मनातला गुंता सुटला. महाभारतातल्या त्या व्यवहारात कितीही अन्याय असो, एक प्रामाणिकपणा होता. पुरूने दिले ते ययातीला मिळाले. देणारा समोर होता, घेणारा समोर होता, मधे कोणी नव्हते. इथे पुरू देतो. ययातीला मात्र काहीच पोचत नाही. मधे एक तिसराच उभा आहे. त्याला ना म्हातारपणाशी कर्तव्य, ना तारुण्याशी. लेकाच्या मनातली लाज आणि नातीच्या मनातली माया ही त्याची भांडवले. 'नाही' म्हटले तर आपले प्रेम कमी पडले असे वाटावे, अशी त्याने मांडणी केलेली असते. खांद्यावर बसून जोतिबाला गेलेली नात 'घ्या' म्हणणारच. म्हणून तिच्या वतीने 'नाही' म्हणायला घरातले दुसरे कोणीतरी माणूस लागते.

मी चुलतभावाला तसे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण दादा, लोक म्हणतील, पैशापायी बापाला सोडलं." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. लोक म्हणतातच. पत्रक त्याने घडी करून खिशात घातले, फाडले नाही. पोरगी पावसाळ्यात नर्सिंगला गेली. तिला निरोप देताना आप्पांनी तिच्या हातावर दहा रुपयांची नोट ठेवली आणि "चांगलं शीक बाळ, कुणाची गं तू?" म्हणून विचारले. तीनेच आठवड्यांत तिने वसतिगृहातून फोन करून बापाला सांगितले, की आप्पांचे कान तपासून घ्या. तपासले, तर ऐकणे निम्म्याहून कमी झालेले. श्रवणयंत्र आणले. आप्पांची आठवण परतली नाही, ती परतणार नाही. पण हाक मारली की ते वळून पाहतात, आणि संध्याकाळी कट्ट्यावर भजन चालते तिथे टाळ घेऊन बसतात. पुरूचे देणे ययातीला पोचले ते एवढे.

कानाचा आणि बुद्धीचा संबंध हा काही त्या पोरीचा तर्क नव्हता. तो तिच्या अभ्यासातच होता. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ साली चौदा गोष्टी मोजून दाखवल्या: कमी शिक्षण, कमी ऐकू येणे, अधू दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, लठ्ठपणा, तंबाखूचा धूर, दारू, बसून राहणे, डोक्याला मार, मनाची खिन्नता, एकटेपणा आणि दूषित हवा. या सगळ्यांचा बंदोबस्त झाला तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येईल, असा त्यांचा हिशेब आहे. यात एकही इंजेक्शन नाही. साडेसहा लाखही नाहीत. म्हणूनच कदाचित याचे गुळगुळीत पत्रक कोणी छापत नाही.

त्या यादीतल्या पहिल्याच शब्दापाशी मी, शाळामास्तर असल्यामुळे म्हणा, थबकलो. लहानपणी मिळालेले शिक्षण म्हातारपणच्या मेंदूला राखते! शिक्षणाने रोग टळतोच असे नाही. पण वीण दाट असली की चार धागे तुटले तरी कापड लवकर फाटत नाही. भारतात साठीच्या पुढच्या माणसांत शंभरांमागे सात जणांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांत पुरुषांपेक्षा बायकांचे आणि शहरापेक्षा खेड्यांचे प्रमाण जास्त आहे. ज्यांना शाळा मिळाली नाही, त्यांचीच ही यादी नव्हे काय? आमच्या काकीने शाळेचे तोंड पाहिलेले नाही. आप्पांच्या मागे धावताना तिच्याकडे बघायला कोणाला सवडच नव्हती. आता मी आठवड्यातून दोनदा जातो तेव्हा आधी तिचा रक्तदाब विचारतो.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. मेंदूचे म्हातारपण हा विषय तेव्हा महाराजांच्या मनातही नसेल. त्यांना माणसाला माणूस करायचे होते. परंतु आजचे शास्त्र वाचताना वाटते, की मेंदूचे रक्षण करणारे एक औषध या गावात शंभर वर्षांपूर्वीच निघाले होते, आणि ते न घेणाऱ्याला दंड होता!

ययाती आणि पुरू यांच्या व्यवहारात सारे उलटे होते. म्हाताऱ्याने तरुणाकडून घेतले. सरळ व्यवहार तो, की ज्यात मोठ्याने लहानाला द्यावे, आणि त्याचे फळ लहान म्हातारा होईल तेव्हा त्याला मिळावे. आप्पांना हे कोणी सांगायला नको होते. त्यांनी नातीला खांद्यावर घेतले होते. माझ्या वर्गात पाचवीची बेचाळीस मुले आहेत. २०८५ साल उजाडेल तेव्हा ती सत्तरीची होतील. त्यांतली काही रंकाळ्याच्या बाकावर बसून डोके शाबूत राहावे म्हणून देवाला विनवतील. तेव्हा मी नसेन, आणि माझे नाव त्यांना आठवेल असेही नाही. पण आज पाढे म्हणताना, धडा वाचताना, एकमेकांशी भांडताना त्यांच्या डोक्यांत जे धागे विणले जात आहेत ते तेव्हाही असतील. त्यांतला एखादा जरी घट्ट बसला, तरी या मास्तराचे देणे पोचले म्हणायचे.